पुणे की बेंगळूर? बेळगावकरांनी खर्चाचा हिशेब कसा मांडावा

निपाणी, चिकोडी, खानापूर असो की खुद्द बेळगाव, राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून नोकरीच्या दोन वाटा फुटतात: एक पुण्याकडे, दुसरी बेंगळूरकडे. दोन्हीकडून ऑफर आली की घरात पहिला प्रश्न निघतो, स्वस्त कुठं पडेल? इंटरनेटवर 'अमुक शहर इतके टक्के महाग' असं तयार उत्तर मिळतं. ते सगळ्या पगाराला लावू नका. घरी पाठवायचे पैसे, विम्याचा हप्ता, आरडी ही रक्कम शहर बदललं तरी तेवढीच राहते. दोन्ही शहरांत महिन्याअखेर हातात किती उरतं, तेवढं काढा.

वहीत तीन रकाने आखा: खर्च, पुणे, बेंगळूर. सर्वांत वर हातात येणारा पगार लिहा. सीटीसीचा, म्हणजे कंपनी तुमच्यावर करते त्या एकूण खर्चाचा आकडा लिहिला तर हिशेब पहिल्याच ओळीत बिघडतो, कारण त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी आणि व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारा भाग, धरलेला असतो. व्यवसाय कर दोन्ही राज्यांत वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये आहे, तिथं अडू नका.

मग भाडं. ऑफिसपासून सारख्या अंतरावरचा भाग घ्या. पुण्यात हिंजवडीत काम असेल तर वाकड पाहा, बेंगळूरमध्ये व्हाइटफील्डला असेल तर मारतहळ्ळी. वाकडची तुलना कोरमंगलाशी केली तर बेंगळूर उगाच महाग दिसेल. प्रत्येक भागातल्या पाच जागांचं भाडं विचारा आणि चढत्या क्रमाने लावून मधलं धरा. एकट्याने राहायचं तर पुण्यात कॉट बेसिस (खोलीतल्या एका खाटेचं भाडं) आणि वेगळी खानावळ, बेंगळूरमध्ये जेवणासकट पीजी (पेइंग गेस्ट) असं चित्र सर्रास दिसतं. म्हणून भाडं आणि जेवण एकत्र मिळवूनच तुलना करा.

खरा फटका डिपॉझिटचा असतो. पुण्यात साधारण दोन-तीन महिन्यांचं भाडं मागतात, बेंगळूरमध्ये पाच-सहा, काही मालक दहासुद्धा. समजा भाडं २०,००० आहे. पुण्यात दोन महिन्यांचे ४०,००० आणि बेंगळूरमध्ये सहा महिन्यांचे १,२०,००० अडकले, तर फरक ८०,००० चा. हे पैसे घरच्या ठेवीतून काढले आणि ठेवीवर ७ टक्के व्याज मिळत होतं, तर वर्षाला ५,६०० बुडाले, म्हणजे महिन्याला सुमारे ४७०. कर्ज काढून भरले आणि व्याज १४ टक्के असेल, तर महिन्याला ९३० च्या वर. शिवाय बेंगळूरमध्ये घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचं भाडं कापून घेण्याची पद्धत आहे. अकरा महिन्यांत घर सोडलं तर ते महिन्याला १,८०० च्या वर पडतं, दोन वर्षं राहिलात तर ८३३. ही अट करारात आहे का, ते सही करण्याआधी वाचा. दलाली, सामानाचा टेम्पो, गॅस कनेक्शन हे एकदाचे खर्चही असेच राहण्याच्या महिन्यांनी भागून लिहा.

विजेच्या ओळीत कर्नाटकाची गृहज्योती योजना मोठा फरक पाडते, आणि ती भाडेकरूलाही मिळते. पण '२०० युनिट फुकट' एवढंच धरून शून्य लिहू नका. त्या मीटरचा जुना सरासरी वापर आणि त्यावर आणखी साधारण १० टक्के, एवढीच युनिट फुकट असतात. वापर २०० च्या वर गेला की पूर्ण बिल भरावं लागतं. आधार आधीच बेळगावच्या घरच्या मीटरला जोडलेलं असेल तर तेही पाहावं लागेल. पाण्यासाठी दोन्ही शहरांत एकच प्रश्न विचारा: उन्हाळ्यात टँकर येतो का, आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे?

रोजच्या प्रवासात बाईमाणसांचा हिशेब वेगळा होतो. कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र असेल तर शक्ती योजनेत बेंगळूरच्या साध्या सिटी बसला तिकीट नाही, आणि साध्या सरकारी बसने बेळगावला येणंही मोफत. ओळखपत्रावरचा पत्ता पुण्याचा केला की हे संपतं. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण ते राज्याच्या हद्दीपर्यंतच. मेट्रोला यातली कुठलीच सवलत नाही. बेंगळूरच्या नम्म मेट्रोचं सर्वाधिक तिकीट फेब्रुवारी २०२५ मध्ये ९० रुपये झालं, त्यामुळे लांबून येणाऱ्याने रोजच्या दोन्ही फेऱ्या धराव्यात.

गावी येण्याच्या फेऱ्या विसरू नका. बेळगावहून पुणे साधारण ३४० किलोमीटर, बेंगळूर ५०० च्या आसपास. वंदे भारत दोन्हीकडे आहे, तरी गणपती-दिवाळीला जागा मिळेलच असं नाही. त्या दोन फेऱ्यांना खासगी स्लीपरचा सणातला दर लावा.

शेवटी गाडी. केए-२२ किंवा केए-२३ (बेळगाव, चिकोडी पासिंग) ची दुचाकी बेंगळूरला तशीच चालते. पुण्यात मात्र १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), महाराष्ट्रात नवी नोंदणी आणि तिथला रोड टॅक्स आला. कर्नाटकात भरलेल्या करातला उरलेला भाग परत मागता येतो, पण आधी महाराष्ट्रात भरावं लागतं. म्हणून परताव्याची रक्कम पहिल्या वर्षाच्या हिशेबात जमेला धरू नका. गाडी जुनी असेल आणि कर तिच्या किमतीच्या मानाने जड वाटत असेल, तर ती घरीच ठेवा आणि पुण्याच्या रकान्यात बसचा पास लिहा.