ज्येष्ठ गॉस्पेल ब्लूज गिटारवादकाचं रेकॉर्डिंग: ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये, दोन माईकांवर

गॉस्पेल ब्लूजमध्ये, म्हणजे ब्लूजच्या ढंगात गायलेल्या ख्रिस्ती भक्तिगीतांमध्ये, गिटार नुसती साथ करत नाही. गाणारा ओळ अर्धी सोडतो आणि उरलेली ओळ तारा पुरी करतात. या शैलीतले अमेरिकन गायक-गिटारवादक रेव्हरंड गॅरी डेव्हिस यांनी १९६० साली, वयाच्या ६४व्या वर्षी, रेकॉर्डिंग इंजिनिअर रूडी व्हॅन गेल्डर यांच्या न्यू जर्सीतल्या स्टुडिओत केलेलं रेकॉर्डिंग ऐका. वाजवतात अंगठा आणि तर्जनी एवढीच दोन बोटं, पण गिटार आवाजाच्या बरोबरीनं बोलते. म्हणून आधी गिटार आणि मग त्यावर गाणं, असं करू नका. हा सवालजवाब तिथंच मरतो. दोन्ही एकाच वेळी घ्या.

घोडबंदर रोडच्या आसपास राहत असाल तर रात्रीच्या शांततेवर भरवसा ठेवू नका, अवजड ट्रक रात्रीही वाहतात. कुकरच्या शिट्ट्या थांबल्यावर दुपारी बसा, रस्त्यापासून लांबच्या खोलीत. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा, एसी, फ्रिज बंद. ट्रकची घरघर घालवायला ८० हर्ट्झखालचं सगळं कापायचा मोह होतो, पण गिटारची जाड सहावी तार ८२ हर्ट्झवर असते आणि अर्धा सूर उतरवली की ७८वर येते. म्हणजे अंगठ्याचा ठेकाच पातळ होतो. फिल्टर ५०-६०च्या वर नेऊ नका.

वयानुसार वरचे सूर गाठणं जड जातं, बोटांची ताकद कमी होते. ०.०११च्या तारा (सगळ्यात बारीक तारेची जाडी, इंचात) लावून गिटार अर्धा सूर उतरवली की दोन्हींना आराम मिळतो. पूर्ण सूर उतरवायचा असेल तर ०.०१२चा सेट हवा, नाहीतर तारा फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर, खरखरतात. तारा एक-दोन दिवस आधी बदला. अगदी नव्या तारांवर बोटं सरकताना फार कुईकुई होते. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात. रेकॉर्डिंगआधी तासभर एसी ड्राय मोडवर ठेवा आणि गिटार त्याच खोलीत असू द्या.

खरा वेळ माईक लावण्यात घालवा. फिगर-एट पॅटर्नचे दोन कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारे माईक) घ्या. हा माईक पुढून-मागून ऐकतो, बाजूंनी जवळजवळ बहिरा असतो. आवाजाचा माईक तोंडापासून ३० सेंटीमीटरवर, किंचित वर तोंड करून, म्हणजे त्याची बहिरी बाजू गिटारकडे येते. गिटारचा माईक बाराव्या फ्रेटसमोर तेवढ्याच अंतरावर, किंचित खाली झुकवून. आता वादकाला फक्त वाजवायला सांगा, हेडफोनवर आवाजाचा माईक ऐका आणि गिटार सगळ्यात कमी येईपर्यंत तो वळवत राहा. मग फक्त गायला सांगून दुसरा माईक तसाच जुळवा. माईकच्या मागच्या बाजूला गादी उभी करा, नाहीतर भिंतीवरून परतलेला आवाज शिरतो. ३० सेंटीमीटरपेक्षा जवळ गेलात तर खर्ज फुगतो.

दोन्ही माईक मोनोत, म्हणजे एकाच चॅनलवर, एकत्र ऐका आणि एकाची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे बाजू) उलटवून पाहा. उलटवल्यावर खर्ज भरला तर फेज चुकतोय, म्हणजे दोन माईकांच्या लहरी एकमेकींना खोडतायत; एक माईक दोन-तीन सेंटीमीटर हलवा. फिगर-एट नसेल तर एकच साधा कार्डिऑइड (मुख्यतः पुढूनच ऐकणारा माईक) छातीच्या उंचीवर, ५०-६० सेंटीमीटरवर लावा. गिटार दबली तर तो खाली घ्या, आवाज दबला तर वर.

बसायला हात नसलेली, न करकरणारी खुर्ची द्या. पायाचा ठेका थांबवू नका, तो संगीताचाच भाग आहे. फक्त माईकच्या स्टँडखाली जाड रबर घाला. क्लिक ट्रॅक, म्हणजे हेडफोनमधली लयीची टकटक, नको.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सगळ्यात जोरकस जागी लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास. वादक खुर्चीत बसल्यापासून रेकॉर्डिंग चालू राहू द्या. एका गाण्याचे तीनच टेक (सलग प्रयत्न), प्रत्येक टेकनंतर सूर तपासा. त्यापुढे आवाज थकतो, चहा घ्या.

मिक्समध्ये पिच करेक्शन (सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) अजिबात लावू नका. ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये मुद्दाम ठेवलेला असतो, सॉफ्टवेअर तो चूक समजून सरळ करतं. कॉम्प्रेशन (मोठा आवाज थोडा दाबणं) २:१, दोन-तीन डेसिबलपुरतं. अर्धी सोडलेली ओळ गिटार पुरी करते तिथं फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) हलवावा न लागता ती ऐकू आली, तर बॅलन्स बरोबर आहे.