न्यूट्रिनोचा डेटा एकत्र करताय? या चुका टाळा

नाशिकमधली एमएस्सीची मुलं हल्ली प्रोजेक्टला न्यूट्रिनो दोलन (न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण प्रवासात एका प्रकारातून दुसऱ्यात बदलतात, ते) घेतात, याचा मला मनापासून आनंद आहे. टीटूके (जपान), नोव्हा (अमेरिका), दाया बे (चीन, अणुभट्टीजवळ) या प्रयोगांचे निकाल घरबसल्या मिळतात, लॅपटॉपवर काम होतं. पण चुका त्याच त्याच.

सगळ्यात घातक चूक म्हणजे एकच माहिती दोनदा मोजणं. सिन्नरहून येणारा एक हुशार मुलगा सबमिशनच्या तोंडावर आलेख घेऊन आला. टीटूके आणि दाया बे एकत्र केले होते, आणि थीटा-१३ ची (दोलन किती होतं ते ठरवणाऱ्या कोनांपैकी एकाची) त्रुटी, म्हणजे अनिश्चितता, दाया बेच्या स्वतःच्या त्रुटीपेक्षाही कमी आली म्हणून स्वारी खूश. मला तिथेच खटकलं. दाया बे हा कोन साइन-वर्ग दोन-थीटा-१३ या रूपात देतं; ते आहे ०.०८५१, अधिक-उणे ०.००२४. या मुलाची त्रुटी आली होती ०.००१७ च्या आसपास. या कोनावर टीटूकेची स्वतःची पकड फारच सैल, तिच्या जोरावर एवढी सुधारणा होणारच नाही. ०.००२४ ला दोनच्या वर्गमुळाने भागा, ०.००१७ येतात. टीटूके निकाल दोन प्रकारे देतं: रिअॅक्टर प्रयोगांनी मोजलेल्या थीटा-१३ चं बंधन घालून आणि न घालता. याने बंधनवाला उचलला. त्या बंधनात मुख्य वजन दाया बेचंच, आणि वर पुन्हा दाया बे जोडलं. पिंपळगावच्या बाजार समितीत तोच क्रेट दोनदा काट्यावर चढवला म्हणून द्राक्षं वाढत नाहीत.

माझी सवय सांगतो. कुठलाही निकाल घेण्याआधी त्यात बाहेरून काय आलंय ते वहीत लिहायचं. आलेखाखालची बारीक अक्षरं आधी, आकडे नंतर. मुलांना नेमका एवढाच धीर नसतो.

दुसरी चूक उतावळेपणाची: प्रत्येक प्रयोगाचं सर्वोत्तम मूल्य घेऊन सरासरी काढणं. थीटा-२३ या दुसऱ्या कोनाच्या काय-स्क्वेअर वक्राला (काय-स्क्वेअर म्हणजे डेटा आणि सिद्धांत यांच्यात किती तफावत आहे ते सांगणारा आकडा) बहुधा दोन तळ असतात, ४५ अंशांच्या अलीकडे एक, पलीकडे एक. सरासरी तुम्हाला मधल्या उंचवट्यावर नेऊन बसवते. काय-स्क्वेअरचे पूर्ण वक्र बेरजेला घ्या. इथे शॉर्टकट नाही.

न्यूट्रिनोंची वस्तुमानं तीन. वस्तुमान-वर्गांचा फरक ३१ चा (तिसऱ्या-पहिल्यातला) की ३२ चा (तिसऱ्या-दुसऱ्यातला), ते बघा. दोघांत ०.००००७५ ईव्ही-वर्गाचा फरक, म्हणजे ०.००२५ च्या तीन टक्के. दाया बेची त्रुटी त्याहून कमी आहे.

प्रतिन्यूट्रिनोसाठी (न्यूट्रिनोचा प्रतिकण) डेल्टा-सीपी (न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो यांच्या दोलनातला फरक ठरवणारा कोन) आणि पदार्थ-परिणाम (जमिनीतून जाताना दोलनात पडणारा फरक), दोन्हींची चिन्हं बदला. एकच बदलून चालत नाही.

डेल्टा-सीपी हा कोन आहे, ३६० नंतर पुन्हा शून्य. काय-स्क्वेअर एकने वाढला की एक सिग्मा त्रुटी, हे त्याला डोळे झाकून लावू नका. फेल्डमन-कझिन्स (बनावट प्रयोग संगणकावर अनेकदा चालवून त्रुटीची मर्यादा ठरवण्याची पद्धत) वापरा, वेळ लागला तरी.

आणि टीटूके-नोव्हा. वेगवेगळे पाहिले तर दोघांचा कल सामान्य वस्तुमान-क्रमाकडे (तिसरं वस्तुमान सगळ्यात जड). एकत्र केले की तो किंचित उलट्या क्रमाकडे (तिसरं सगळ्यात हलकं) झुकतो, कारण सामान्य क्रमात दोघांचे डेल्टा-सीपी नीट जुळत नाहीत. हे दिसलं की मुलं घाबरून एक प्रयोग गाळतात. गाळू नका. आधी २९५ किलोमीटरचा (हे न्यूट्रिनोंच्या प्रवासाचं अंतर) टीटूके एकटा फिट करा, मग ८१० चा नोव्हा एकटा. दोघांचे प्रसिद्ध झालेले आलेख तुमच्या कोडमधून जसेच्या तसे निघाले, तरच बेरीज करा.