राउटरचे दोन पासवर्ड आणि ते बदलण्याचा योग्य क्रम

राउटरला एक नाही, दोन पासवर्ड असतात. एक वायफायचा, जो आपण पाहुण्यांना सांगतो. दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा, म्हणजे ॲडमिनचा. पहिला कधीतरी बदलला जातो. दुसरा मात्र अनेक घरांत राउटर बसवला त्या दिवशी होता तसाच राहतो. खरं तर जास्त जपायला हवा तो दुसराच. तो ज्याच्या हाती लागला, तो वायफायचा पासवर्ड बदलू शकतो. डीएनएसचं, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेचं, सेटिंग फिरवून तुम्ही बँकेचा पत्ता टाकलात तरी तुम्हाला भलत्याच साइटकडे वळवू शकतो.

२०१६ साली पसरलेल्या मिराई या मालवेअरने (यंत्रांत शिरणाऱ्या घातक प्रोग्रामने) याच दुर्लक्षाचा फायदा घेतला. कंपनीनेच घालून दिलेल्या नाव-पासवर्डच्या सुमारे ६० जोड्या तो इंटरनेटवरच्या कॅमेऱ्यांवर आणि राउटरवर करून बघत गेला आणि लाखो यंत्रं त्याच्या ताब्यात आली. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच यंत्रांनी डाइन या डीएनएस कंपनीवर मारा केला, तेव्हा ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक लोकांसाठी बंद पडल्या होत्या.

म्हणून दोन्ही पासवर्ड एकाच बैठकीत बदला. आधी ॲडमिनचा, मग वायफायचा. वायफायचा पासवर्ड बदलताच तुमचं स्वतःचं कनेक्शन तुटतं, म्हणून ते काम शेवटी ठेवायचं. घरात कोणाची ऑनलाइन मीटिंग किंवा परीक्षा चालू नाही ना, तेही पाहून घ्या.

सेटिंगच्या पानापर्यंत

लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडता आला तर उत्तम. नाहीतर वायफायवरूनही जमतं. फोनवरून करत असाल तर मोबाइल डेटा आणि व्हीपीएन (दुसऱ्या सर्व्हरमार्गे इंटरनेट वापरणारं ॲप) बंद करा, नाहीतर कधीकधी पान उघडत नाही आणि चूक कुठे आहे ते कळत नाही.

राउटरचा पत्ता आणि ॲडमिनचं मूळ नाव-पासवर्ड बहुधा राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. पत्ता साधारण १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा असतो. स्टिकर पुसट झाला असेल तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा द्या आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ समोरचा आकडा घ्या. आयफोनवर वायफायच्या नावाशेजारच्या ‘आय’ चिन्हावर टॅप केलं की ‘राउटर’ या ओळीत तोच पत्ता दिसतो.

हा पत्ता ब्राउझरच्या वरच्या पट्टीत, इंग्रजी अंकांत टाका. ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ अशी सूचना आली तर घाबरू नका. हे पान तुमच्याच राउटरमधून येतं आणि त्याला बाहेरच्या साइटसारखं प्रमाणपत्र बहुधा नसतं. पत्ता बरोबर टाकला आहे एवढं तपासून पुढे जा. काही नव्या राउटरची सगळी सेटिंगं कंपनीच्या ॲपमधून करावी लागतात. तिथेही क्रम हाच.

ॲडमिनचा पासवर्ड

आत गेल्यावर सिस्टीम, मॅनेजमेंट किंवा ॲडमिनिस्ट्रेशन अशा नावाचा विभाग शोधा. जुना पासवर्ड एकदा, नवा दोनदा, मग सेव्ह. हा पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळाच हवा, कारण वायफायचा तुम्ही पुढेमागे चारजणांना सांगणार आहात. तिथेच ‘रिमोट मॅनेजमेंट’ दिसलं तर बंद करा. घराबाहेरून राउटर चालवायची गरज क्वचितच कोणाला पडते, आणि ते चालू असलं की लॉगिनचं पान साऱ्या इंटरनेटला दिसत राहतं.

वायफायचा पासवर्ड

वायरलेस विभागात सिक्युरिटी उघडा. आधी प्रकार बघा, म्हणजे वायफायला कुलूप लावायची पद्धत. डब्ल्यूपीए-३ असेल तर तो, नाहीतर एईएस या कूटलेखन पद्धतीसह डब्ल्यूपीए-२ निवडा. डब्ल्यूईपी कधीच नको. ती पद्धत २००१ पासूनच फोडता येते. जुनी उपकरणं डब्ल्यूपीए-३ ला जोडली जात नसतील तर दोन्ही चालणारा मिश्र पर्याय घ्या.

पासवर्ड किमान ८ आणि कमाल ६३ अक्षरांचा चालतो. इथे कंजूषपणा करू नका. डब्ल्यूपीए-२ मध्ये एखादं उपकरण जोडलं जातानाची देवाणघेवाण कोणी हवेतून टिपून घेतली, तर तो ती स्वतःच्या संगणकावर नेऊन निवांतपणे अंदाज लावत बसू शकतो. तुमच्या राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. मुलाचं नाव आणि जन्मवर्ष, किंवा फोन नंबर, हे अंदाज तर सर्वांत आधी लावले जातात. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या: कंदील, जिराफ, पायरी, गोणपाट असे. ते इंग्रजी लिपीत लिहा, मध्ये एखादा आकडा टाका. लक्षात राहतं आणि टीव्हीच्या रिमोटवरूनही टाइप करता येतं. हे चार मात्र घेऊ नका, आता ते इथे लिहिलेले आहेत.

राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन वायफाय देत असेल तर पासवर्ड दोन्हीकडे बदला. एकीकडे जुनाच राहणं ही नेहमीची चूक. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने उपकरण जोडण्याचा पर्यायही बंद करा. त्याचा ८ आकडी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत तो सापडू शकतो. मग सेव्ह करा.

कनेक्शन तुटल्यावर

आता घरातली सगळी उपकरणं बाहेर पडतील. फोनवर जुनं नेटवर्क ‘फर्गेट’ करून नव्या पासवर्डने जोडा. टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा, स्मार्ट बल्ब ही मंडळी विसरली जातात, आणि ज्यांना पडदाच नाही त्यांची जोडणी त्यांच्या ॲपमधून पुन्हा करावी लागते. सगळं जोडून झालं की राउटरमधली जोडलेल्या उपकरणांची यादी एकदा वाचा. न ओळखता येणारं काही दिसलं तर घरात विचारा; कोणाचंच नसेल तर त्याला ब्लॉक करा.

दोन्ही पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा, किंवा कागदावर लिहून कपाटात ठेवा. कागदाला कमी लेखू नका. इंटरनेटवरून हल्ला करणाऱ्याचा हात तुमच्या कपाटापर्यंत पोचत नाही.

ॲडमिनचा पासवर्ड आधीच हरवला असेल तर रीसेटचं बारीक भोक पिनने साधारण १० सेकंद दाबून धरायचं. पण त्याने सगळीच सेटिंगं पुसली जातात, इंटरनेट कंपनीने दिलेलं पीपीपीओईचं (राउटरने कंपनीच्या जाळ्यात लॉगिन करण्याच्या पद्धतीचं) युजरनेम आणि पासवर्डसुद्धा. ते हाताशी नसेल तर राउटर सुरू होतो, वायफायही दिसतं, पण इंटरनेट येत नाही. म्हणून भोक दाबण्याआधी कंपनीला फोन करून ती माहिती लिहून घ्या.