मॉड्यूल कोसळलं तरी चाचणी ‘पास’ दिसायची

इंदूरला रामबागेतल्या घरी मी रात्री क्यूएमूमध्ये (संगणकाच्या आत दुसरा, व्हर्च्युअल संगणक चालवणारा प्रोग्राम) लिनक्स कर्नल मॉड्यूलच्या (लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जोडायचा कोडचा तुकडा) चाचण्या लावून झोपायचो. सकाळी बघावं तर व्हर्च्युअल मशीन थिजलेलं, पडदा कोरा.

आधी कर्नलला ‘कन्सोल=टीटीवायएस०’ दिलं, म्हणजे त्याचे संदेश सीरियल पोर्टवर येतात, आणि तिथलं सगळं फाइलीत वळवलं. पोहे खाता खाता लॉग उघडला, तर शेवटच्या ओळींत माझाच टायमर! मॉड्यूल काढून टाकलं तरी तो चालूच होता आणि मोकळ्या झालेल्या मेमरीत उडी मारत होता. मॉड्यूल काढताना चालणाऱ्या एक्झिट फंक्शनमध्ये टायमर थांबवणारं ‘टायमर_डिलीट_सिंक’ घातलं, तो प्रश्न मिटला.

मशीन अडकू नये म्हणून कर्नलला ‘ऊप्स=पॅनिक’ (कर्नलमध्ये चूक झाली की पॅनिक, म्हणजे काम तिथेच थांबवणं), ‘पॅनिक=-१’ (पॅनिक झालं की लगेच रीबूट) आणि क्यूएमूला ‘नो-रीबूट’ (रीबूटऐवजी बंद होणं) दिलं. पॅनिक झालं की क्यूएमू लगेच बंद होतो. पण एक्झिट कोड ० देऊन, म्हणजे ‘सगळं ठीक’ असं सांगून! माझी स्क्रिप्ट त्यालाच यश समजत होती. हे कळायला दोन दिवस गेले, आणि खरा धोका इथेच आहे असं मला वाटतं.

आता सगळ्या चाचण्या झाल्यावरच व्हर्च्युअल मशीन सुरू होताच आत चालणारी इनिट स्क्रिप्ट ‘चाचणी पूर्ण’ छापते. लॉगमध्ये ती ओळ नसेल तर नापास. बाहेरून ‘टाइमआउट’ १२० सेकंदांचा.