'नाईव्ह' हे विशेषण मराठीत आणताना आणि इंग्रजीत वापरताना

काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातील एका विद्यार्थिनीसाठी इंग्रजीत शिफारसपत्र लिहिताना मी तिच्या निष्कपट स्वभावाचे कौतुक म्हणून 'नाईव्ह' हे विशेषण वापरले. माझ्या मनात शब्द होता 'भोळी'. पत्र वाचणाऱ्याने मात्र या मुलीला व्यवहाराची समज नाही असा अर्थ घेतला आणि मुलाखतीत तिला पहिला प्रश्न त्यावरूनच विचारला. चूक सर्वस्वी माझी होती. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात आपण विचार मराठीत करतो, सरकारी अर्ज कन्नडमध्ये भरतो आणि नोकरीची पत्रे इंग्रजीत लिहितो. त्यामुळे अशी चूक माझ्या एकट्याच्या वाट्याला आली असेल असे मला वाटत नाही.

आधी उच्चार पाहू, कारण तिथेच पहिला खड्डा आहे. 'ना' आणि 'ईव्ह' अशी दोन अक्षरे स्वतंत्र उच्चारावीत आणि जोर दुसऱ्यावर द्यावा. जुन्या छपाईत यातील 'आय' या अक्षरावर दोन टिंबे दिसतात, ती हे दोन स्वर वेगळे आहेत हे सांगण्यासाठीच. आपल्याकडे पुष्कळजण घाईत 'नेव्ह' म्हणतात. पण 'नेव्ह' असाच उच्चार असलेल्या दुसऱ्या एका इंग्रजी शब्दाचा अर्थ आहे लबाड, लुच्चा. भोळ्याला लुच्चा म्हणण्याइतका उलटा प्रकार दुसरा नसेल.

हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ जन्मजात, नैसर्गिक या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. 'नेटिव्ह' हा शब्दही त्याच मुळाचा. म्हणजे जसा जन्मला तसाच राहिलेला, वरून कोणताही मुलामा न चढलेला, असा त्याचा आरंभीचा भाव होता आणि त्यात दोष नव्हता. आजच्या वापरात मात्र 'जे एव्हाना कळायला हवे होते ते याला कळलेले नाही' अशी टोचणी त्यात बहुतेक वेळा असते. मराठीतील 'भोळा' या शब्दात ती टोचणी नाही, किंवा असली तरी मायेच्या आवरणाखाली असते. भस्मासुराला वर देताना शंकराने पुढचा विचार केला नाही आणि तो वर त्याच्यावरच उलटला; तरीही आपण त्याला 'भोळा सांब' म्हणतो आणि हात जोडतो. हीच कथा इंग्रजीत सांगताना शंकराला 'नाईव्ह' म्हटले, तर भक्ती संपून टीका सुरू होते.

म्हणून भाषांतर करताना या माणसात नेमके काय कमी आहे असे दाखवायचे आहे, हे आधी स्वतःला विचारावे. कपट कमी असेल, तर 'भोळा', 'साधाभोळा' किंवा 'निष्कपट' हे शब्द चालतील, आणि लहान मुलाचा चेहरा, हसू किंवा प्रश्न असेल तर 'निरागस'. अनुभव कमी असेल, तर 'नवखा' किंवा 'अननुभवी' पुरेसे आहे. गणपत गल्लीत भाव न करता पहिल्याच सांगितलेल्या किमतीला भाजी घेणारा परगावचा विद्यार्थी नवखा असतो, आणि चार महिन्यांत त्याचा नवखेपणा जातो. तीस वर्षे याच गल्लीत बाजार करूनही विक्रेत्याच्या शब्दावर विसंबणारी आजी मात्र नवखी नाही, ती भोळी आहे, आणि तिच्या भोळेपणाला अनुभवाचे औषध लागू पडत नाही. काळाने जे जाईल ते नवखेपण आणि जे राहील ते भोळेपण, ही कसोटी मला आजवर उपयोगी पडलेली आहे.

तिसरी उणीव तारतम्याची, आणि लेखी इंग्रजीत 'नाईव्ह' सर्वाधिक येतो तो याच अर्थाने. यासाठी मराठीत 'भाबडा' हा अचूक शब्द आहे. भोळेपणा स्वभावात असतो, तर भाबडेपणा एखाद्या समजुतीत असतो. म्हणूनच आपण 'भाबडा आशावाद' म्हणतो, 'भोळा आशावाद' म्हणत नाही. चांगला शिकलेला, व्यवहारात मुरलेला माणूसही एखाद्या बाबतीत भाबडा असू शकतो. सीमाप्रश्नाचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला; 'पुढच्या तारखेला सगळे सुटेल असे मानणे नाईव्ह ठरेल' असे कोणी इंग्रजीत लिहिले, तर त्याचे मराठी 'असे मानणे भाबडेपणाचे ठरेल' असेच व्हावे. येथे 'भोळेपणाचे' लिहिले की वाक्याची धार जाते, आणि 'मूर्खपणाचे' लिहिले की मूळ लेखकाने न दिलेली शिवी आपण देतो. 'भोळसट' आणि 'बावळट' हे शब्द संवादात शोभतात, पण गंभीर लेखात जपून वापरावेत.

'बाळबोध' या शब्दाबद्दल थोडी सावधगिरी हवी. प्रश्न, युक्तिवाद किंवा मांडणी 'नाईव्ह' असेल तर 'बाळबोध' चपखल बसतो. माणसाला किंवा घराला लावला की तोच शब्द जुन्या, साध्या, पारंपरिक वळणाचे असा अर्थ देऊ लागतो.

आपल्या भागापुरता सर्वांत फसवा शब्द आहे 'मुग्ध'. कन्नडमध्ये 'मुग्ध मक्कळु' म्हणजे निरागस मुले, आणि कन्नड मजकुरात 'नाईव्ह'च्या सौम्य छटेसाठी हा शब्द सहज येतो. आजच्या मराठीत मुग्ध म्हणजे मोहून गेलेला, किंवा काही न बोलता राहिलेला. संस्कृत काव्यशास्त्रातील 'मुग्धा' नायिकेत अजाणतेपणाचा जुना अर्थ शिल्लक आहे, पण रोजच्या वाचकाला तो आठवत नाही. त्यामुळे कन्नडवरून मराठी करताना 'मुग्ध शेतकऱ्यांची फसवणूक' असे लिहिले, तर शेतकरी कशावर मोहित झाले होते असा प्रश्न वाचकाला पडेल. तेथे 'भोळ्या शेतकऱ्यांची' लिहावे. कन्नडमधील 'अमायक' या शब्दासाठी संदर्भ पाहून 'निरपराध' किंवा 'निष्पाप' घ्यावा.

शास्त्रीय मजकुरात वरचे सर्व शब्द बाजूला ठेवावे लागतात. औषधोपचाराच्या कागदपत्रांत रुग्ण 'नाईव्ह' आहे याचा अर्थ त्याने ते औषध किंवा तो उपचार पूर्वी घेतलेला नाही, इतकाच. संमतीपत्रात 'भोळा रुग्ण' असे भाषांतर झाले तर ते हास्यास्पदच नव्हे, तर दिशाभूल करणारेही ठरेल. प्रतिकारशक्तीच्या अभ्यासातील 'नाईव्ह' पेशी म्हणजे जिची आपल्या प्रतिजनाशी, म्हणजे ती ज्याला ओळखते त्या बाहेरच्या घटकाशी, अजून गाठ पडलेली नाही अशी पेशी. चित्रकलेत हा शब्द रीतसर शिक्षण न घेतलेल्या चित्रकारांच्या शैलीला लावतात. पॅरिसमध्ये जकात खात्यात नोकरी करणारे आंरी रूसो (१८४४–१९१०) हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे शब्दाचा मूळचा, दोष नसलेला अर्थ अजून जिवंत आहे.

मराठीतून इंग्रजीत जाताना नियम सोपा आहे. कौतुक करायचे असेल तर 'नाईव्ह' लिहू नये. मुलांसाठी 'इनोसन्ट', मोठ्या माणसाच्या सरळपणासाठी 'गाईललेस' किंवा नुसते 'ऑनेस्ट' आणि पटकन फसणाऱ्यासाठी 'गलिबल' असे वेगवेगळे शब्द हाताशी आहेत. यांतील 'इनोसन्ट'ला निर्दोष असा कायद्याचा अर्थही आहे, तो 'नाईव्ह'ला नाही. त्या शिफारसपत्रात आज मी 'गाईललेस' लिहिले असते, आणि शेजारी ती बचत गटाचा हिशेब कसा चोख ठेवत असे हेही एका वाक्यात सांगितले असते.