गेला, केला, गेगांगन : जर्मन क्रियापदांची भावकी

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातली. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झाल्यावर चार वर्षं ग्रामीण रुग्णालयात काम केलं. जर्मनीत नर्स म्हणून जायचं आहे, म्हणून जर्मन शिकतेय. बी १ ही पातळी झाली, पुढच्या बी २ चा अभ्यास चालू आहे. संध्याकाळी आमच्या पडवीत गावातल्या तीन मुली शिकायला बसतात. अनियमित क्रियापदं त्यांना जशी शिकवते तशीच इथे लिहितेय.

मुलाखतीच्या सरावात मला विचारलं होतं, काल सुटीला काय केलं? शेतात गेले, हे सांगायचं होतं. गेएन म्हणजे जाणे, म्हणून आधी गे आणि शेवटी ट लावायच्या नियमाने मी 'गेगेट' केलं. बरोबर रूप आहे गेगांगन. त्याच रात्री माझी अडीच वर्षांची भाची ताट दाखवत म्हणाली, "मी जेवन करलं." आई म्हणाली, "केलं म्हण वं." पोरीने केलं म्हटलं, झालं. तिला कुणी तक्ता दिला नव्हता. बसला, उठला, हसला ऐकून तिने 'करला' बनवलं, मी गेगेट बनवलं. दोघींची चूक एकच होती.

मराठीत जा चं गेला, कर चं केला, ये चं आला, दे चं दिला, हो चं झाला, खा चं खाल्ला, सांग चं सांगितला होतं. एवढं वाकडंतिकडं आपण न अडखळता बोलतो, कारण ते वाक्यांतून कानावर पडलं. जर्मनमध्येही सगळ्यात वाकडी क्रियापदं तीच आहेत, जी दिवसभर तोंडात असतात. शिवाय धातूतला स्वर बदलला की अर्थ बदलतो, हेही आपल्याला नवं नाही. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, मरणे-मारणे आपण रोज बोलतो. जर्मन तोच स्वर काळासाठी बदलते.

आधी झाइन, हाबन (जवळ असणे), वेअर्डन (होणे) ही तीन चोख पाठ करा, त्यांना सोपी वाट नाही. झाइन म्हणजे असणे : बिन, बिस्ट, इस्ट, झिंट, झाइट, झिंट. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर अस्ति-सन्ति आठवा. इस्ट आणि झिंट त्याच जुन्या धातूतून आलेत. साधा भूतकाळ वार, आणि हाबन किंवा झाइनच्या सोबतीने येणारं तिसरं रूप गेवेझन. आपलंही आहे आणि होता कुठे एकसारखं दिसतं?

वर्तमानकाळाचं फार ओझं घेऊ नका. स्वर बहुतेक डू म्हणजे तू आणि एअर-झी-एस म्हणजे तो-ती-ते इथेच बदलतो. फारन (गाडीने जाणे), पण डू फेअर्स्ट, एअर फेअर्ट. गेबन (देणे), पण गिप्स्ट, गिप्ट. नेमन, पण निम्स्ट, निम्ट. गेएन आणि श्टेएन (उभं असणे) मात्र बदलत नाहीत. पेशंटला आपण जे झी म्हणतो त्याचा अर्थ 'तुम्ही', तिथे काहीच बदलत नाही : नेमन झी (घ्या), ट्रिंकन झी (प्या). वॉर्डातली निम्मी भीती इथेच जाते.

खरी मेहनत भूतकाळाची. पुस्तकाच्या मागे एबीसीच्या क्रमाने लांबलचक यादी असते. तशी पाठ करू नका. मी दोन महिने केली आणि सगळं एकमेकांत मिसळलं. या क्रियापदांची भावकी असते. याकोब ग्रिमने, म्हणजे परीकथा जमवणाऱ्या दोघा भावांतल्या थोरल्याने, यांना 'सबळ' क्रियापदं हे नाव दिलं, कारण ती बाहेरचा प्रत्यय न घेता आतल्या स्वरावर काळ दाखवतात. वहीत एका भावकीला एक पान द्या. पानावर पहिलं नाव वॉर्डातलं लिहा.

ट्रिंकन, ट्रांक, गेट्रुंकन, म्हणजे पिणे. इ-आ-उ. याच पानावर सापडण्याचं फिंडन, फांट, गेफुंडन आणि पट्टी बांधण्याचं फेअरबिंडन, फेअरबांट, फेअरबुंडन.

नेमन, नाम, गेनॉमन, म्हणजे घेणे. ए-आ-ऑ. मदत करण्याचं हेल्फन, हाल्फ, गेहॉल्फन यातलंच. श्टेर्बन, श्टार्प, गेश्टॉर्बन हेही यातलंच, मरण्याचं.

मेसन, मास, गेमेसन, म्हणजे मोजणे, बीपी मोजतो ते. ए-आ-ए. गेबन, गाप, गेगेबन आणि खाण्याचं एसन, आस, गेगेसन याच्या शेजारी.

वाशन, वूश, गेवाशन, म्हणजे धुणे. फारन, फूर, गेफारन त्याच घरचं.

झोपण्याचं श्लाफन, श्लीफ, गेश्लाफन आणि पडण्याचं फालन, फील, गेफालन एका पानावर. राहण्याचं ब्लाइबन, ब्लीप, गेब्लीबन आणि लिहिण्याचं श्राइबन, श्रीप, गेश्रीबन दुसऱ्या. ऐकू प येतो, पण लिहिताना तिथे ब चंच अक्षर असतं, हे विसरू नका.

काही जण दोन घरचे असतात : ब्रिंगन, ब्राख्टे, गेब्राख्ट, म्हणजे आणणे. स्वरही बदलतो आणि नियमित क्रियापदांसारखा ट चा प्रत्ययही लागतो. विचार करण्याचं डेंकन-डाख्टे-गेडाख्ट तसंच. आणि गेएन, गिंग, गेगांगन, श्टेएन, श्टांट, गेश्टांडन यांना मी वेगळं पान दिलंय.

पाठ करायचं ते मोठ्याने, तीन रूपं एका दमात, पाढ्याच्या चालीवर. कापूस वेचताना एक तास, म्हणजे पराटीची एक ओळ, एका भावकीला द्यायची असं मी ठरवलं होतं. ओटी भरेपर्यंत तेच म्हणायचं. आई पलीकडच्या तासातून विचारायची, "काय पुटपुटून राहिली वं?" हात कामात असला की तोंडात चाल बसते. खुर्चीवर बसून माझं एवढं कधीच झालं नाही.

उपसर्गाने घाबरू नका. हार चे आहार, विहार, प्रहार होतात, तसं श्टेएन पासून फेअरश्टेएन होतं, म्हणजे समजणे. भावकी तीच राहते : फेअरश्टांट, फेअरश्टांडन. फक्त फेअर, बे, एअर, एंट असा क्रियापदापासून न सुटणारा उपसर्ग असला की गे लागत नाही. सुटणारा असला तर गे मधे शिरतो : आउफगेश्टांडन, म्हणजे उठला.

आता तिसऱ्या रूपासोबत हाबन लावायचं की झाइन, हा प्रश्न. यावर मला मराठीनेच वाट दाखवली. 'मी' घेऊन कळत नाही, तेव्हा वाक्य 'तिने'वर करून पाहा. 'तिने औषध घेतलं', ने लागला, तर बहुतेक हाबन : झी हाट डास मेडिकामेंट गेनॉमन (हाट हे हाबनचं रूप). ने लागला नाही तर दुसरा प्रश्न विचारा : जागा बदलली का, किंवा अवस्था बदलली का? 'ती पडली', बदलली, म्हणून झी इस्ट गेफालन. 'ती झोपली', म्हणजे रात्रभर झोपेत होती, काही बदललं नाही, म्हणून झी हाट गेश्लाफन. पण 'तिचा डोळा लागला' म्हणजे जागेपणातून झोपेत गेली : झी इस्ट आइनगेश्लाफन. रात्रपाळीचा अहवाल देताना हा फरक लागतोच.

ही कसोटी दोन्हीकडून चुकते, तेही सांगते. 'ती पाणी प्याली' यात ने नाही, पण पाणी हे कर्म आहे, म्हणून हाबन. 'तिने उडी मारली' यात ने आहे, पण तो उडी मारण्यातल्या 'मारली'चा. जर्मनमध्ये एकच क्रियापद आहे आणि जागा बदलते, म्हणून झी इस्ट गेश्प्रुंगन. राहणे आणि असणे यांत काही बदलत नाही, तरी ब्लाइबन आणि झाइन ही दोन्ही झाइन घेतात. एवढे अपवाद वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

पडणे-पाडणे सारख्या जोड्याही तिकडे आहेत, आणि नर्सला त्यांची फार गरज पडते. लीगन, लाक, गेलेगन म्हणजे आडवं पडून असणे. लेगन, लेक्टे, गेलेक्ट म्हणजे आडवं करणे, ठेवणे. स्वतः असण्याचं सबळ, दुसऱ्याला करण्याचं नियमित. झित्सन आणि झेत्सन, बसणे आणि बसवणे, यांचंही असंच : गेझेसन, पण गेझेत्स्ट.

बोलताना हाबन-झाइन वालं तिसरं रूपच जास्त वापरतात. झाइनचं वार, हाबनचं हाटे आणि कॉन्टे (शकला), मुस्टे (करावं लागलं) यांसारखी मोडल क्रियापदं मात्र बोलतानाही साध्या भूतकाळात येतात. म्हणून पहिल्या महिन्यात तिसऱ्या रूपावर जोर द्या, मधलं रूप चालीबरोबर आपोआप येतं.

रोज संध्याकाळी आमच्या मुली घरादाराची पाळी एकमेकींना सोपवतात, वॉर्डात सोपवतात तशी. प्रत्येकीची पाच वाक्यं, सगळी भूतकाळात. गाय पाणी प्याली : डी कू हाट वासर गेट्रुंकन. वासरू पडलं : डास काल्प इस्ट गेफालन. आजीने भाकर खाल्ली, बाबा शेतात गेले, भाऊ घरीच राहिला. ऐकणारीने चूक पकडली की बोलणारीने त्या भावकीचं अख्खं पान तिथेच म्हणायचं, आणि मग पुढचं वाक्य.