शॉकवेव्ह उपचाराचा निर्णय घेण्यापूर्वी

चाळिशी-पन्नाशीनंतर लैंगिक क्षमता कमी झाल्याची शंका आली की शॉकवेव्हच्या, म्हणजे यंत्राने शिश्नावर आघातलहरी सोडण्याच्या उपचाराच्या, जाहिराती लगेच नजरेत भरतात. पैसे भरण्याआधी, आपले नेमके काय कमी झाले आहे, हे ठरवून घ्यावे. शिश्नाची ताठरता, वीर्यातील शुक्राणू आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शॉकवेव्हचा माणसांवरील अभ्यास मुख्यतः ताठरतेसंबंधी झालेला आहे. मूल होण्यासाठी किंवा टेस्टोस्टेरॉन वाढवण्यासाठी हा उपचार म्हणून कोणी सुचवत असेल, तर तेथे थांबावे.

पहिली पायरी डॉक्टरांकडे जाण्याची आहे, आणि ती संकोचापायी टाळू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा अरुंद असल्यामुळे त्यांतील बिघाड आधी जाणवतो, आणि म्हणूनच ताठरता कमी होणे ही हृदयविकाराची पूर्वसूचना असू शकते. रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. टेस्टोस्टेरॉनची तपासणी सकाळी, आणि पातळी कमी आल्यास पुन्हा एकदा करावी. मूल हवे असेल तर दोन ते सात दिवस वीर्यस्खलन टाळून मग वीर्यतपासणी करावी. चालू असलेल्या औषधांची यादी सोबत न्यावी, कारण रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनीही ताठरता कमी होते.

मुतखडा फोडण्यासाठी १९८० साली म्युनिकमध्ये प्रथम रुग्णावर वापरलेल्या आघातलहरींचेच हे सौम्य रूप आहे. येथे काही फोडायचे नसते. अल्प ऊर्जेच्या लहरींमुळे नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या तयार होऊन रक्तप्रवाह सुधारावा, अशी त्यामागची कल्पना आहे. इस्रायलमधील हैफा येथे योराम वार्दी यांच्या गटाने २०१० मध्ये २० पुरुषांवरील प्राथमिक निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठवड्यातून दोन सत्रे तीन आठवडे, मग तीन आठवड्यांची विश्रांती आणि पुन्हा तीन आठवडे सत्रे, असा त्यांचा क्रम होता. परिणाम उत्साहवर्धक होते, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. अमेरिकन यूरोलॉजिकल असोसिएशनने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत हा उपचार प्रायोगिक मानला, तर युरोपातील तज्ज्ञसंस्थेने रक्तप्रवाहाच्या दोषामुळे आलेल्या सौम्य त्रासासाठी त्याची दुबळी शिफारस केली आहे.

म्हणून मूत्ररोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारावे: माझा त्रास रक्तप्रवाहाचा आहे का? यंत्र खऱ्या, केंद्रित शॉकवेव्हचे आहे, की रेडियल प्रकारचे? रेडियल यंत्राच्या दाबलहरी वेगळ्या असतात, त्वचेजवळच विरतात, आणि त्यांना शॉकवेव्ह म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर नाही. तरीही दोन्ही एकाच नावाने विकले जातात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, रक्तस्रावाचा विकार असेल किंवा त्या भागात संसर्ग वा कर्करोग असेल, तर ते आधीच सांगावे. सिल्डेनाफिलसारख्या ताठरतेसाठीच्या गोळ्यांचा अनुभव शॉकवेव्हपेक्षा कितीतरी मोठा आहे, त्यामुळे बहुधा आधी त्यांचा विचार होतो; मात्र छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्यांनी त्या कदापि घेऊ नयेत.

उपचार घेण्याचे ठरलेच, तर ताठरतेविषयीची पाच प्रश्नांची, २५ गुणांची प्रश्नावली पहिल्या सत्राआधी भरून तारखेसह जपून ठेवावी. शेवटच्या सत्रानंतर तीन महिन्यांनी तीच पुन्हा भरावी, आणि गुणांत फरक नसेल तर पुढच्या पॅकेजचे पैसे भरू नयेत.